उलटी गुंडाळलेली तार

शनिवारी सकाळी आमच्याकडे पाहुणे येऊ नयेत, अशी मी देवाला विनवणी करत असे. कारण शनिवारी सगळ्या सायकली स्वयंपाकघरात यायच्या. उन्हाळ्यात म्हणे मागच्या अंगणात बसायचं, पण डच उत्तरेतल्या ग्रोनिंगनच्या या कोपऱ्यात उन्हाळा असतो किती? तेव्हा बारा महिने माझ्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर सायकली उलट्या उभ्या, सीट-हँडल खाली, चाकं छताकडे. मध्ये माझीच फरशी पुसायची बादली, आणि तिच्यात ट्यूब बुडवून मेनो बुडबुडे शोधत बसलेला. टायर उचकटायला माझेच सुपाचे चमचे. त्या चमच्यांचे दांडे इतके वाकले होते, की जेवायला आलेला नवा माणूस सूप पिता पिता थांबून चमच्याकडे बघायचा.

मेनो म्हणजे माझा नवरा. पोटासाठी तो बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात पाळीवर जायचा, पण जीव सगळा सायकलींत. चर्चमध्ये तो नाताळला तेवढा दिसायचा. घरी मात्र त्याच्या दोन आज्ञा होत्या आणि त्या त्यानं कुणालाही माफ केल्या नाहीत. पहिली आज्ञा, जो चालवतो त्यानंच दुरुस्त करायची. दुसरी, दिव्याची तार घड्याळाचे काटे फिरतात तशीच गुंडाळायची. स्क्रूभोवती तार त्या दिशेनं फिरवली, की स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. उलटी फिरवली, तर आवळता आवळता ती बाहेर सरकते आणि चार खड्डे आले की निसटते. हे मला कसं माहीत? मी आयुष्यात स्क्रू आवळला नाही. पण एकच प्रवचन दर शनिवारी ऐकलं, तर दगडालाही पाठ होईल.

हे प्रवचन असायचं आमच्या वेसेलसाठी. एकुलता एक मुलगा. आणि तो डावखुरा, त्यामुळे तार त्याच्या हातून हटकून उलटी जायची.

"अरे गाढवा," मेनो म्हणायचा, "घड्याळ कधी उलटं चालतं का?"

"आपल्याकडे चालतं की बाबा. दर ऑक्टोबरात सरकारच ते एक तास मागे करतं."

"शहाणा आहेस. काढ ती तार. पुन्हा लाव."

वेसेल पुन्हा लावायचा. पुन्हा उलटी. मी कणीक मळता मळता हसायचे, आणि मेनो माझ्याकडे वळून म्हणायचा, "हस, हस. तुझ्याच घराण्याकडून आलंय हे." माझे वडील डावखुरे होते, तेवढ्यावर त्याची ही थट्टा वर्षानुवर्षं चालली.

वेसेल सोळा वर्षांचा असताना गेला.

त्या वर्षी शरदात तो गप्प गप्प असायचा. शाळेत दोन विषय राहिले होते. एक मुलगी होती, तिनं बोलणं टाकलं होतं, असं मला नंतर कळलं. जेवताना मान खाली. मी विचारलं की "काही नाही आई." सोळा वर्षांच्या मुलाच्या 'काही नाही'त काय काय मावतं, ते सगळ्या आयांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

नोव्हेंबरातला एक गुरुवार. सकाळी निघताना तो म्हणाला, "बाबा, दिवा मिचमिचतोय. तार सैल झालीय."

एरवी मेनो म्हणाला असता, तुझी सायकल, तुझे हात. पण मुलाचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो कपातली कॉफी तशीच ठेवून मागच्या दारी गेला. स्क्रूड्रायव्हर शोधायला वेळ नव्हता, त्याची पाळी सुरू व्हायची होती. त्यानं तार बोटांनीच गुंडाळली, अंगठ्याच्या नखानं स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत टिकेल. शनिवारी नीट बसवू."

त्यानं आपली पहिली आज्ञा मोडली ती एवढी एकदाच, तीही मायेनं.

वेसेलची शाळेची वाट पूल ओलांडून आमच्या घराजवळच्या कालव्याच्या बांधावरून यायची. त्या संध्याकाळी कालव्यावर असं धुकं उतरलं की आमच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसेना. वेसेल आला नाही. बाकीचे दिवस तो शेजारच्या सीब्रनबरोबर यायचा, पण सीब्रन त्या दिवशी गालगुंड होऊन घरी होता. शनिवारी वेसेल सापडला, पार खाली, पुलाच्या पलीकडे पाण्याचे दरवाजे आहेत तिथल्या जाळीला. सायकल सापडली नाही. पाणबुड्यांनी पुलाखाली दोन दिवस शोधलं आणि मग तेही थकले.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली गेली नाहीत. फरशी इतकी स्वच्छ राहायला लागली की मला ती बघवेना.

मेनोनं आपलं सामान मागच्या शेडमध्ये नेलं. आणि पुढच्या वर्षी घड्याळं मागे गेली, पाच वाजताच अंधारायला लागलं, तसा तो गावातल्या पोरांच्या वाटेत उभा राहायला लागला. "थांब. दिवा लाव बघू. चालव. हं, पुन्हा चालव." ज्याचा दिवा लागला नाही, त्याला तो सायकलीसकट शेडमध्ये ओढायचा. पोरं त्याला दिवेकाका म्हणायला लागली. त्यांना वाटायचं म्हातारा हौशी आहे. मला माहीत होतं तो काय मोजतोय. त्याला एकच प्रश्न होता: नखानं आवळलेली ती तार त्या संध्याकाळी निसटली का? दिव्याविना पोरगं बांधावरून आलं आणि त्याला वळण दिसलं नाही, असं तर नाही झालं?

हे तो मला कधीच बोलला नाही. मी त्याला माझं बोलले नाही.

माझं वेगळं होतं. पाव आणायला गेले होते, तेव्हा दुकानातल्या दोघी कुजबुजत होत्या. "पुलापाशी म्हणे. आणि पोरगा हल्ली कसा झाला होता, पाहिलंत ना?" मला बघून त्या गप्प झाल्या, एकीनं हवामानाची चौकशी केली. त्या दिवसापासून मला वाटत आलं की माझं लेकरू त्या पुलावर थांबलं असेल. सायकल टेकवली असेल. खाली पाण्याकडे बघितलं असेल. तो पडला, की आपणहून गेला? तो घरी यायला निघालाच नव्हता का? नवरा तारेनं झुरत होता आणि मी पुलानं. एका पलंगावर, एका गोधडीखाली, आणि दोघांची भुतं वेगळी.

भूत हा शब्द मी उगाच नाही वापरला.

पहिल्या वर्षीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. बाहेर धुकं. आणि कालव्याच्या बांधावरून आवाज आला. डायनामोचा. ज्यानं जुनी सायकल चालवली आहे त्याला तो सांगायला नको: छोट्या बाटलीसारखा डायनामो टायरला टेकवला की चाकाबरोबर घूं घूं करतो, वेग वाढला की सूर चढतो, दमलं की उतरतो. हा सूर मी ओळखला. प्रत्येक डायनामोचा आवाज वेगळा असतो, आणि वेसेलचा मध्येच खरखरायचा, कारण त्याच्या टायरला एके ठिकाणी फुगवटा होता. घूं घूं, खर्र, घूं घूं, खर्र. आवाज पुलाकडून आला, बांधावरून जवळ जवळ येत गेला, आणि आमच्या घराअलीकडे कालवा जिथे वळतो तिथे तुटला. हळू होत होत नाही. एकदम तुटला.

मी धावत बाहेर गेले. आवाज होता तिथे उजेड नव्हता. पांढरं धुकं आणि त्याच्यामागे काळं पाणी, बस्स.

मग दर हिवाळ्यात तो येत राहिला. रोज नाही. दाट धुकं पडलं की. आवाज यायचा, दिवा कधी दिसायचा नाही, आणि वळणावर तुटायचा. पहिल्यांदा मी घाबरले. नंतर वाट बघायला लागले. हे कुणाला सांगू? डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं गोळ्या दिल्या असत्या आणि आवाज गेला असता. मला तो जायला नको होता.

मेनोला ऐकू येत नाही असं मी धरून चालले होते. त्याची एकच सवय मला खटकायची. धुक्याच्या संध्याकाळी तो येऊन रेडिओ लावायचा, आणि तोही मोठ्यानं. "अरे, कानाचे पडदे फाटतील!" मी ओरडायचे. "बातम्या आहेत," तो म्हणायचा. बातम्या कसल्या, डुकरांचे बाजारभाव चालू असायचे.

अशी वीसेक वर्षं गेली. मेनो कारखान्यातून निवृत्त झाला. पोरांच्या सायकलींना बॅटरीचे दिवे आले, बटण दाबलं की लागणारे, तरी तो त्यांना थांबवायचाच. "बॅटरी संपली तर काय करशील रे?" पोरं म्हणायची, "चार्ज करीन, दिवेकाका." तो हरायचा आणि शेडमध्ये जाऊन बसायचा.

यंदा शरदात कालव्याचं पाणी उतरवलं. बांधाच्या लाकडी फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. पाणी गेलं तसा कालवा उघडा पडला, राखाडी चिखल, आणि त्यातून गाव एवढी वर्षं काय काय टाकत आलं ते सगळं वर आलं. फ्रिज, लहान मुलांची ढकलगाडी, आणि सायकली तर सायकलींवर सायकली. आमच्या देशात कालव्यात पाणी कमी आणि सायकली जास्त, असं मेनोच म्हणायचा. यंदा तो काही म्हणाला नाही. रोज सकाळी बांधावर जाऊन यायचा. खोदयंत्र चिखल उपसायचं, सायकली एका बाजूला ढीग करून ठेवायचं, आणि मेनो ढिगाभोवती फिरून परत यायचा. पुलापासून काम सुरू झालं होतं. पुलाखाली आमची सायकल निघाली नाही.

यंत्रावर होता सीब्रन. तोच, गालगुंडवाला. आता दोन मुलांचा बाप.

त्या दिवशी मेनो टायर आणायला तालुक्याला गेला होता. मी बटाटे सोलत बसले होते. मागच्या दारावर सीब्रन उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी हातात. आत यायला तयार होईना.

"काकू," तो म्हणाला, "मेनोकाका आहेत का?"

"तालुक्याला गेलाय. काय झालं? ये ना आत. कॉफी गरम आहे."

"नको काकू, फरशी खराब होईल." मग तो टोपी फिरवत राहिला. "काकू, हिरवी सायकल. मागच्या मडगार्डवर लाल पट्टा."

तो पट्टा मेनोनं घरातल्या सगळ्या सायकलींना मारला होता, स्टेशनवर चटकन सापडाव्यात म्हणून. माझ्या हातातली सुरी तशीच ॲप्रनच्या खिशात गेली. सुरी खिशात घातली हे मला नंतर कळलं.

"कुठे मिळाली?"

"इथे," सीब्रन म्हणाला आणि त्यानं मान वळवली. "तुमच्या वळणावर. बांधाच्या फळीखाली गाळात रुतली होती. मी काकांना सांगू शकणार नाही, काकू. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

वळणावर. जिथे आवाज तुटायचा, तिथे. मला नवल वाटलं नाही, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. मी फक्त म्हटलं, "चल."

सायकल गवतावर आडवी ठेवली होती. सीब्रननं तिच्यावरून पाणी मारलं होतं, चिखल बराच गेला होता. इतकी वर्षं पाण्याखाली, पण आमचा गाळ चिकट, हवा लागू देत नाही. लोखंड काळं पडलं होतं, तरी सायकल सायकलच होती. हिरवा रंग कुठे कुठे टिकला होता. सीब्रन म्हणाला, "काकू, मी जरा तिकडे सिगारेट ओढून येतो." तो सिगारेट ओढत नाही. चांगला मुलगा आहे.

मी गुडघ्यावर बसले. आणि पहिल्यांदा दिसला तो डायनामो.

डायनामोच्या दोनच जागा असतात. दिवा नको असेल तेव्हा तो टायरपासून दूर उभा. दिवा हवा असेल तेव्हा दाबायचा, की स्प्रिंगनं खट्कन टायरला टेकतो. वेसेलचा डायनामो टायरला टेकलेला होता. टायरच्या कुजक्या रबरात घट्ट रुतलेला.

त्यानं दिवा लावला होता. पुलावर थांबलेला मुलगा दिवा कशाला लावील? ज्याला कुठेच जायचं नाही त्याला रस्ता कशाला दिसायला हवा? माझं लेकरू पूल ओलांडून आलं होतं, दिवा लावून आलं होतं, बांधावरून घराकडे येत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर येऊन पडलं होतं. मी त्या चिखलात बसून रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे मी आज स्पष्ट सांगते. वीस वर्षं छातीवर ठेवलेला पूल कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. मी सीटवरून हात फिरवला आणि म्हटलं, "येत होतास ना रे? येतच होतास."

मग मला तार दिसली.

डायनामोपासून तार फ्रेमवरून पुढे आली होती, दिव्यापर्यंत. तिथे तिचं टोक लोंबत होतं. वाकून पाहिलं, तर दिव्याच्या मागच्या पितळी स्क्रूला काहीच नव्हतं.

ती त्या संध्याकाळी निसटली, की आज सकाळी खोदयंत्राच्या पंज्यात? ते कुणी सांगू शकत नाही. सीब्रन नाही, पोलीस नाही, देव सांगू शकला असता पण तो आमच्याशी बोलत नाही. पण मेनोला मी ओळखते. त्याला पंजा दिसला नसता. त्याला आपलं नख दिसलं असतं. डायनामो टेकलेला आणि तार सुटलेली: पोरानं दिवा लावला, आणि बापाच्या हातचा दिवा लागला नाही. ज्या खुणेनं मी सुटले होते, तीच त्याला गाडणार होती.

मी मागे पाहिलं. सीब्रन पाठमोरा उभा होता, तालुक्याच्या रस्त्यावर अजून कुणी नव्हतं.

ॲप्रनच्या खिशात सुरी होती. मी तिच्या टोकानं स्क्रू खरवडला, आतून पितळ पिवळं चमकलं. स्क्रू थोडा हलला. तारेवरचं रबर सोललं, आतलं तांबं काळं, पण तुटलं नाही. दिव्याची ती बाजू जमिनीकडे होती, हात आत गेला की काही दिसेना, सायकल उचलायचं माझ्यात बळ नव्हतं, म्हणून मी मागून हात घालून, न बघता, बोटांच्या अंदाजानं तार स्क्रूभोवती फिरवली आणि सुरीनं आवळली. हात गार पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा सायकल दुरुस्त करत होते, आणि तीही खोटं बोलण्यासाठी. मग मूठभर चिखल घेऊन स्क्रूवर चोपडला.

खोटं ते खोटंच. मला त्याची लाज वाटली नाही.

मेनो आला तो दोन्ही खांद्यांवर टायर अडकवून, सायकलवरच. सीब्रनचं थांबलेलं यंत्र आणि मी गवतात बसलेली बघून त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं आपली सायकल स्टँडवर लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. सवय. मग तो उकिडवा बसला.

तोही आधी डायनामोकडेच गेला. बोटानं दाबून पाहिला. त्याचं तोंड असं झालं की मला बघवेना.

"लावला होता," तो म्हणाला. "हिल्के, त्यानं लावला होता दिवा."

"हो रे."

"म्हणजे..." आणि त्याचा हात तारेवरून पुढे सरकायला लागला. हळूहळू, फ्रेमवरून, हँडलखालून. तो दिव्यापर्यंत पोचला. सायकल एका हातानं उचलून त्यानं दिवा वर फिरवला, रुमाल काढला, त्यावर थुंकला आणि स्क्रू पुसला. खिशातून चष्मा काढला. डोळे स्क्रूच्या इतके जवळ नेले, की नाक लागावं.

त्यानं नखानं तारेचा वेढा चाचपला.

"हे मी नाही केलं," तो म्हणाला.

चाळीस वर्षं संसार केला आणि या माणसाला स्क्रूच्या बाबतीत फसवायला निघाले होते! मी म्हणणार होते, मेनो, ऐक. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"उलटी गुंडाळलीय," तो म्हणाला. "मी उलटी गुंडाळीन का कधी? झोपेतसुद्धा नाही." मग त्याचा आवाज फाटला. "गाढव. डावखुरा गाढव. किती वेळा सांगितलं, घड्याळासारखी, घड्याळासारखी."

"काय म्हणतोस तू?"

"अगं, माझी तार निसटली असेल वाटेत. निसटलीच असेल, नखानं कुठे टिकते. तर हा उतरला. अंधारात उतरून यानं स्वतः लावली. आणि उलटी लावली." तो रडत होता आणि हसतही होता, नाकातून पाणी गळत होतं. "पण किती घट्ट लावलीय बघ. निघाली नाही. दिवा चालू होता, हिल्के. दिवा चालू होता त्याचा. मग हे धुकंच होतं. नुसतं मेलं धुकं."

मी त्याच्या हाताला धरलं. मी म्हटलं, "माझ्याच घराण्याकडून आलंय ते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्या ॲप्रनवर चिखल होता, बोटांच्या नखांत चिखल होता, आणि स्क्रूच्या खाचेत सुरीनं खरवडलेलं पितळ पिवळंजर्द दिसत होतं. वीस वर्षं गाळात पडलेलं पितळ असं दिसत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं रुमालानं आधी स्क्रू झाकून दिवा पुसला, मग माझे हात पुसले, एकेक बोट. त्याला कळलं की नाही, हे मी आजही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

सायकल आम्ही दोघांनी घरी आणली. मी म्हटलं, "शेडमध्ये नको." स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली, आणि मेनोनं ती उलटी उभी केली, चाकं वर. चिखल माझ्या फरशीवर टपकत राहिला, मी पुसला नाही.

चार वाजले तसं धुकं उतरायला लागलं. मी उरलेले बटाटे सोलायला घेतले, त्याच सुरीनं. मेनो सायकलीपाशी स्टुलावर बसला होता. रेडिओ त्याच्या हाताशी होता. त्यानं लावला नाही.

आवाज आला तेव्हा आमच्या दोघांच्या माना एकदम वर झाल्या. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

"तुला येतो ऐकू?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," मेनो म्हणाला.

"मग तो रेडिओ..."

"मला वाटलं, तुला ऐकू येऊ नये."

घूं घूं, खर्र. घूं घूं, खर्र. बांधावरून, पुलाकडून. वेसेलची सायकल आमच्यासमोर वर्तमानपत्रावर उलटी उभी होती, तिचं एकही चाक हललं नव्हतं, आणि तिचाच सूर बाहेर धुक्यातून येत होता. मी खिडकीपाशी गेले. काच पुसली. आणि पहिल्यांदा, इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा, मला त्या आवाजाच्या पुढे उजेड दिसला. पिवळा, अंधूक, डायनामोचा असतो तसा, सूर चढला की वाढणारा, उतरला की मंदावणारा. सकाळी माझ्याच बोटांनी ती तार लावली होती.

उजेड वळणापाशी आला. मी काचेला कपाळ लावलं. आवाज तुटला नाही. उजेड वळला, आमच्या बाजूला वळला, बांध सोडून पायवाटेनं खाली उतरला, सफरचंदाच्या झाडापाशी आला, फाटकापाशी आला. तिथे सूर हळूहळू उतरत गेला, उजेड तांबडा झाला, आणि गेला.

"विझला," मी म्हणाले. मला रडू आवरेना. "मेनो, विझला रे."

मेनो माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि शनिवारी पोरांना समजावून सांगायचा त्या आवाजात म्हणाला, "अगं, डायनामोचा दिवा आहे तो. चाक थांबलं की विझायचाच. घरी पोचला तो."

मग त्यानं जाऊन मागच्या दाराची कडी काढली, आणि मी बटाटे शिजायला टाकले.